आधी कोणता फीडर बंद करायचा?

जबलपूरच्या नयागावात मध्य प्रदेशचे स्टेट लोड डिस्पॅच सेंटर आहे. राज्याला या क्षणी वीज किती लागते आणि ती कुठून किती येते, याचा मेळ तिथे चोवीस तास घातला जातो. तिथल्या इंजिनिअरांची नजर एका आकड्यावरून हलत नाही : ५० हर्ट्झ. मागणी पुरवठ्याच्या वर गेली की ग्रिडला जोडलेल्या सगळ्या जनित्रांचा वेग किंचित मंदावतो आणि हा आकडा खाली सरकतो. तो फारच घसरला तर जनित्रे स्वतःच्या बचावासाठी एकेक करून बाहेर पडतात, उरलेल्यांवरचा भार आणखी वाढतो आणि शेवटी सगळेच अंधारात जाते. ते टाळायचे तर वेळेत काही फीडर, म्हणजे एकेका भागाला वीज पोचवणाऱ्या वाहिन्या, बंद करावे लागतात. कोणते आधी बंद करायचे आणि इस्पितळ, रेल्वे, पाणीपुरवठा यांचे कोणते शेवटपर्यंत राखायचे, हे शांत वेळी ठरवून ठेवावे लागते. संकट आल्यावर यादी करायला बसले तर उशीर झालेला असतो.

उशीर झाला की काय होते हे देशाने पाहिले आहे. ३० जुलै २०१२च्या पहाटे अडीचच्या सुमारास ४०० केव्हीची बीना–ग्वाल्हेर लाइन ट्रिप झाली आणि उत्तर ग्रिड कोसळला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन ग्रिड एकदम गेले. साठ कोटींहून जास्त लोक ज्या भागात राहतात तो भाग विजेविना राहिला. चौकशी समितीने जी कारणे दिली त्यांत एक असे होते : उत्तरेकडच्या राज्यांनी जादा वीज ओढू नये अशा सूचना जात होत्या, पण त्यांच्यावर पुरेशी कारवाई झाली नाही. थोडा भार वेळेत सोडला गेला नाही, म्हणून सगळाच गेला.

टेबलावरचा कॉम्प्युटर हँग होतो तेव्हा बऱ्याचदा आत हेच चाललेले असते. एखादा प्रोग्रॅम मेमरी ओढत राहतो, ऑपरेटिंग सिस्टिम कोणालाच बंद करत नाही, प्रत्येकाला थोडे थोडे देऊन सगळ्यांना जगवू पाहते, आणि शेवटी माउसचा बाणसुद्धा हलेनासा होतो. मेमरी कमी आहे म्हणून कॉम्प्युटर अडतो असे आपण सहज म्हणतो. माझे म्हणणे असे की तो अडतो ते निर्णय उशिरा होतो म्हणून. हा निर्णय आधी कसा करून घ्यायचा, हे आता घरच्या कॉम्प्युटरवरही जमण्यासारखे आहे.

जबलपुरात याचा सर्वांत जास्त त्रास कोणाला होत असेल, तर माझ्या मते वकिलांना. नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय १ नोव्हेंबर १९५६पासून या शहरात बसू लागले, आणि हायकोर्टाच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये वकिलांची ऑफिसे, टाइपिंगची आणि झेरॉक्सची दुकाने दाटीने उभी राहिली. आता तिथे ई-फायलिंग आले आहे. कागद स्कॅन होतात, त्यांच्या पीडीएफ होतात, त्यांना पान क्रमांक आणि बुकमार्क लागतात. काम कागदावरून कॉम्प्युटरवर गेले, पण कॉम्प्युटर मात्र बऱ्याच ठिकाणी जुनाच, ४ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क असलेला.

एका स्कॅन केलेल्या पानाचा हिशेब करून पाहू. ए-फोर आकाराचे पान ३०० डीपीआयने स्कॅन केले तर त्यात आडवे २४८० आणि उभे ३५०८ ठिपके येतात, म्हणजे जवळजवळ ८७ लाख. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला मेमरीत सहसा ४ बाइट लागतात. गुणाकार केला की एका पानाचे सुमारे ३५ एमबी होतात. डिस्कवर तेच पान शंभर-दोनशे केबीत मावलेले असते, कारण तिथे ते दाबून ठेवलेले असते. पडद्यावर दाखवायला किंवा त्यातला मजकूर ओळखायला ते उलगडावे लागते. चांगला पीडीएफ वाचक समोरची दोन-चार पानेच उलगडतो. पण पाने जोडणारा, फिरवणारा किंवा अक्षरे ओळखणारा एखादा निष्काळजी प्रोग्रॅम शंभर पाने एकदम उलगडून बसला, तर साडेतीन जीबी त्यातच जातात. फाइल २० एमबीची आहे, तिने कॉम्प्युटर कसा बंद पडेल, असे विचारणाऱ्याला हे उत्तर आहे. शेजारी ब्राउझरमध्ये निकालपत्रांचे पंधरा टॅब उघडे असतातच.

मग काय दिसते? टाइपिस्ट अर्जाचा परिच्छेद लिहीत असतो. एका शब्दाची पहिली तीन अक्षरे पडद्यावर उमटतात, उरलेली उमटत नाहीत. माउसचा बाण थिजतो, मग उडी मारून भलतीकडेच दिसतो. कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा दिवा एरवी लुकलुकतो, तो आता अखंड जळत राहतो. दाबलेली बटणे वाया गेलेली नसतात. दोन मिनिटांनी सगळी अक्षरे एका झटक्यात येतात आणि पुन्हा सगळे थांबते. प्रोसेसर या वेळात बहुधा रिकामाच असतो. तो वाट पाहत असतो.

कशाची वाट, ते समजून घेतले पाहिजे, कारण सगळे मर्म तिथे आहे. ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीचे छोटे तुकडे पाडते, त्यांना पेज म्हणजे पाने म्हणतात. नेहमीच्या पीसीवर एक पान ४ केबीचे असते. ४ जीबी रॅममध्ये अशी साडेदहा लाखांच्या आसपास पाने मावतात. जागा संपत आली की सिस्टिम सध्या न लागणारी पाने डिस्कवर पाठवते आणि लागली की परत आणते. प्रोग्रॅमला वाटते, आपल्याकडे भरपूर मेमरी आहे. ही युक्ती मँचेस्टर विद्यापीठाच्या ॲटलस कॉम्प्युटरवर १९६२मध्ये प्रथम प्रत्यक्षात आली आणि आजही प्रत्येक लॅपटॉप तिच्यावर चालतो. थोड्या प्रमाणात ती उत्तम काम देते. अडचण वेगातल्या फरकाची आहे. रॅममधून काही वाचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीला त्याच्या हजारपट, फिरत्या हार्ड डिस्कला लाखपट. रॅमला एक सेकंद लागतो असे धरले, तर तेच पान एसएसडीवरून यायला सतरा मिनिटे आणि हार्ड डिस्कवरून यायला सत्तावीस तासांहून जास्त वेळ लागेल.

आता समजा, चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमना मिळून रोजच्या कामाला लागणारी पाने रॅममध्ये मावण्यापेक्षा थोडीशीच जास्त आहेत. एकाचे पान आणायचे तर दुसऱ्याचे काढावे लागते. ते दुसऱ्याला लगेच हवे असते, म्हणून तिसऱ्याचे जाते. कामाऐवजी पानांची ने-आणच चालू राहते. याला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८मध्ये याची कारणे उलगडून दाखवली आणि 'वर्किंग सेट' ही कल्पना मांडली : प्रत्येक प्रोग्रॅमला दर थोड्या वेळात ठरावीक पाने लागतातच, आणि सगळ्यांची मिळून तेवढी जागा नसेल तर सगळ्यांना अर्धवट देण्यापेक्षा एखाद्याला पूर्ण थांबवावे. सगळ्यांना अर्धवट दिले तर कोणाचेच काम होत नाही. हे कळून अर्धशतक लोटले, तरी घरगुती कॉम्प्युटरांत ते नीट उतरायला फार वेळ लागला.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा, कारण तो दुकानदारांपासून इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. डिस्कवर ठेवलेल्या या जादा जागेला लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये स्वॅप म्हणतात. स्वॅपमुळे कॉम्प्युटर मंद होतो, तर स्वॅप काढूनच टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. स्वॅप काढल्यावरही कॉम्प्युटर हँग होतो, कधी कधी अधिक वाईट रीतीने. कारण मेमरीतली सगळी पाने एका जातीची नसतात. काही पानांत तुमचा मजकूर असतो, उघडलेली चित्रे असतात. स्वॅप नसेल तर ती कुठेच पाठवता येत नाहीत. काही पानांत प्रोग्रॅमचा स्वतःचा कोड असतो, आणि त्याची प्रत डिस्कवरच्या फाइलीत आधीच असते. ती पाने केव्हाही टाकून द्यावी, लागली की फाइलीतून पुन्हा वाचावी, असा सिस्टिमचा हिशेब असतो. स्वॅप नसताना मेमरी भरली की टाकता येण्यासारखी एवढीच पाने उरतात. मग ब्राउझरचा कोड टाकला जातो, डेस्कटॉपचा टाकला जातो, माउसचा बाण काढणाऱ्या प्रोग्रॅमचाही टाकला जातो, आणि बाण एक इंच हलवायचा तर तो कोड डिस्कवरून परत वाचावा लागतो. स्वॅप नाही म्हणून डिस्कचा दिवा शांत राहील, या भरवशावर राहू नका. थोडा स्वॅप असलेला बरा. त्यामुळे तासन्‌तास न लागलेली पाने बाजूला जातात आणि लागणाऱ्या कोडला जागा राहते.

मग लिनक्स एखाद्याला बंद का करत नाही? करतो, पण फार उशिरा. याची सुरुवात उधारीच्या व्यवहारातून होते. प्रोग्रॅमने मेमरी मागितली की लिनक्स सहसा ती लगेच मंजूर करतो. प्रत्यक्ष पान मात्र त्यात काही लिहिले जाईपर्यंत देत नाही. बरेच प्रोग्रॅम मागतात जास्त आणि वापरतात कमी, त्यामुळे हे एरवी खपून जाते. पण सगळे एकदम वापरायला लागले की मंजूर केलेली जागा देता येत नाही. तेव्हा कर्नलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, 'ऊम किलर', म्हणजे मेमरी संपल्यावर प्रोग्रॅम मारणारा भाग, जागा होतो. तो प्रत्येक प्रोग्रॅमला गुण देतो. आज हे गुण मुख्यतः कोणी किती मेमरी धरली आहे यावर ठरतात, आणि बाहेरून त्यांत उणे १००० ते अधिक १००० इतका फेरफार करता येतो. उणे १००० दिले तर त्या प्रोग्रॅमला हात लागत नाही. क्रोमसारखा ब्राउझर आपल्या टॅबांना स्वतःहून जास्त गुण लावतो, म्हणजे वेळ आली तर आधी टॅब जावा, अख्खा ब्राउझर नव्हे. ही व्यवस्था समंजस आहे. पण ऊम किलर जागा होतो तो कर्नलला एकही पान मोकळे करता येईनासे झाल्यावर. थ्रॅशिंग चालू असताना कर्नलला प्रत्येक वेळी कुठले ना कुठले पान टाकता येतच असते. त्याच्या दृष्टीने सगळे ठीक चाललेले असते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने कॉम्प्युटर दहा मिनिटांपूर्वीच मेलेला असतो.

म्हणजे लोड डिस्पॅचवाल्यांकडे हर्ट्झचा जो आकडा होता, तो कर्नलकडे नव्हता. किती मेमरी मोकळी आहे हे तो सांगू शकत होता, पण तो आकडा फसवा असतो. लिनक्स मोकळी मेमरी फाइलींच्या प्रतींनी मुद्दाम भरून ठेवतो, कारण रिकामी रॅम कोणाच्याच उपयोगाची नसते. हवे होते ते त्रासाचे मोजमाप. ते डिसेंबर २०१८मध्ये लिनक्स ४.२० या आवृत्तीबरोबर आले. फेसबुकमधल्या योहानेस वायनर यांनी लिहिलेल्या या सोयीला 'प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन' म्हणतात. मेमरीच्या ताणाची एक छोटी फाइल कर्नल सतत ताजी ठेवतो. तिच्यात दोनच ओळी असतात. पहिली सांगते, किमान एक तरी काम मेमरीसाठी अडून राहिले असा वेळ किती टक्के होता. दुसरी सांगते, चालू असलेली सगळीच कामे एकाच वेळी अडलेली होती असा वेळ किती टक्के. दोन्हींची गेल्या १० सेकंदांची, ६० सेकंदांची आणि ३०० सेकंदांची सरासरी तिथे मिळते. सुरळीत चाललेल्या कॉम्प्युटरवर हे आकडे शून्याला चिकटलेले असतात. वर सांगितलेल्या टाइपिस्टची तीन अक्षरे उमटून थांबली, तेव्हा दुसऱ्या ओळीचा दहा सेकंदांचा आकडा पाहिला तर तो झपाट्याने वर चढताना दिसेल. माझ्या मते कॉम्प्युटर हँग होण्याच्या प्रश्नात गेल्या पंधरा वर्षांतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे, कारण जे मोजता येते त्याच्यावर वेळेत कारवाई करता येते.

अशी कारवाई करणारे पहारेकरीही आहेत. 'अर्लीऊम' नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम साध्या हिशेबाने चालतो : उपलब्ध मेमरी आणि मोकळा स्वॅप दोन्ही १० टक्क्यांच्या खाली गेले की सर्वांत जड प्रोग्रॅमला आवरते घ्यायला सांगायचे, आणि ५ टक्क्यांच्या खाली गेले की सरळ बंद करायचे. एप्रिल २०२०मध्ये आलेल्या, लिनक्सवर आधारलेल्या फेडोरा ३२च्या डेस्कटॉप आवृत्तीत तो मुळातच चालू होता. वर्षभराने फेडोरा ३४मध्ये त्याची जागा 'सिस्टमडी-ऊमडी'ने घेतली. तो वर सांगितलेल्या ताणाच्या आकड्यावर नजर ठेवतो. लिनक्सवरच आधारलेल्या उबुंटूने तो २२.०४ या आवृत्तीत आणला, आणि लगेच तक्रारी सुरू झाल्या : काम चालू असताना ब्राउझर अचानक नाहीसा होतो. तक्रारी खऱ्या होत्या. पहारेकरी प्रोग्रॅमांचा पूर्ण गट बंद करत होता, आणि ब्राउझरचे सगळे टॅब एकाच गटात होते. फीडर वेळेत बंद झाला, पण चुकीचा झाला. तरीही माझे मत असे की, न विचारता एक प्रोग्रॅम गेला हे वाईट आहे, आणि बटण दाबून धरून सगळेच बंद करावे लागणे हे त्याहून वाईट. पहिल्यात एका कामाचे नुकसान आहे, दुसऱ्यात उघड्या असलेल्या प्रत्येक कामाचे, शिवाय डिस्कवरच्या फाइली बिघडण्याची भीती.

यापुढची पायरी म्हणजे कोणी किती ओढायचे हे आधीच बांधून देणे. लिनक्समध्ये प्रोग्रॅमांचे गट करून प्रत्येक गटाला मेमरीची मर्यादा लावता येते. मर्यादा दोन प्रकारच्या असतात आणि त्यांतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. मऊ मर्यादा ओलांडली की त्या गटाचीच चाल मंदावते. त्याचीच पाने काढली जातात, शेजाऱ्यांची नाहीत. कडक मर्यादा गाठली की त्या गटातलाच एखादा प्रोग्रॅम बंद होतो. म्हणजे ८ जीबीच्या कॉम्प्युटरवर अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला ३ जीबीची मऊ आणि ४ जीबीची कडक मर्यादा घालून सुरू केले, तर त्याचे काम रेंगाळेल किंवा फसेल, पण टाइपिंग अडणार नाही. उलट बाजूने, डेस्कटॉपसाठी काही मेमरी राखून ठेवायलाही सांगता येते. इस्पितळाचा फीडर राखतात तसे. हे सगळे टर्मिनलमध्ये एका ओळीच्या आज्ञेने होते. ते मेनूमधल्या एका खुणेइतके सोपे व्हायला हवे, अजून झालेले नाही, ही मला खटकणारी गोष्ट आहे.

लिनक्सबद्दल इतके सविस्तर लिहिण्याला कारण आहे. न्यायालयांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट्स प्रकल्पाने मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा रस्ता धरला; जिल्हा न्यायालयांत वापरली जाणारी केस इन्फर्मेशन सिस्टिम पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रात (एनआयसी) घडली आणि न्यायिक अधिकाऱ्यांना उबुंटूचे प्रशिक्षण दिले गेले. जबलपुरापासून रत्नागिरीपर्यंत न्यायालयीन कामात लिनक्स आता रुळलेला आहे.

विंडोजचा स्वभाव थोडा निराळा आहे. ते उधारी देत नाही. रॅम आणि पेज फाइल, म्हणजे विंडोजची डिस्कवरची जादा जागा, मिळून जेवढी बेरीज होते, तेवढ्याच मेमरीचे वचन दिले जाते. पुढच्या मागणीला नकार मिळतो. नकार कोणाला मिळेल याचा नेम नसतो, म्हणून कधी कधी मेमरी खाणारा चालूच राहतो आणि बिचारा दुसराच प्रोग्रॅम बंद पडतो. पेज फाइल हाताने लहान करून ठेवणाऱ्यांना हा अनुभव जास्त येतो. ती सिस्टिमच्या हवाली ठेवावी. विंडोज १०पासून न लागणारी पाने डिस्कवर पाठवण्याआधी रॅममध्येच दाबून ठेवली जातात, मॅकमध्ये ही सोय २०१३पासून आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की टास्क मॅनेजर थेट उघडतो. मेमरीच्या स्तंभावर क्लिक केले की सर्वांत जड प्रोग्रॅम वर येतो.

फोनवर हा त्रास कमी का जाणवतो, हाही विचारण्यासारखा प्रश्न आहे. अँड्रॉइडने पहिल्यापासून मान्य केले की मेमरी अपुरीच पडणार, आणि यादी आधीच करून ठेवली : समोर असलेले ॲप शेवटी, मागे पडून राहिलेले आधी. अँड्रॉइड १०पासून त्याचा पहारेकरीही कर्नलच्या ताणाच्या आकड्यावर चालतो. ॲप लिहिणाऱ्यांना ठाऊक असते की आपण केव्हाही बंद केले जाऊ, म्हणून ते अर्धवट काम जपून ठेवायला शिकले. टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमांना ही शिस्त कोणी लावली नाही.

ऑफिसात प्रत्यक्ष काय करावे? सुरुवात ब्राउझरपासून करावी, कारण बहुतेक वेळा मेमरी तिथेच गेलेली असते. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबले की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब किती खातो हे दिसते. एखादी जाहिरातींनी भरलेली बातमीची साइट एकटीच कित्येक निकालपत्रांइतकी जागा धरून बसलेली आढळते. सेटिंग्जमधला मेमरी सेव्हर चालू केला की बराच वेळ न पाहिलेले टॅब आपोआप मोकळे होतात आणि क्लिक केल्यावर पुन्हा भरतात. मात्र अर्धवट भरलेला ऑनलाइन फॉर्म असलेली साइट त्याच्या अपवादांच्या यादीत घालावी. मोठ्या पीडीएफवर अक्षर-ओळख चालवायची असेल तर पन्नास-पन्नास पानांचे तुकडे करावे, आणि रंगाची गरज नसेल तिथे कृष्णधवल स्कॅन करावे. राखाडी छटांतले पानसुद्धा रंगीताच्या चौथाई मेमरीत मावते.

जुन्या लिनक्स मशीनवर झेडरॅम चालू करावा. त्यात रॅमचाच एक भाग दाबलेल्या पानांसाठी वापरला जातो. पाने बहुधा निम्म्या किंवा तिसऱ्या हिश्शाच्या जागेत मावतात, आणि दाबणे-उलगडणे डिस्कवर जाण्यापेक्षा कितीतरी झटपट होते. फेडोराने ३३व्या आवृत्तीपासून तो मुळातच चालू ठेवला आहे. कर्नल ६.१ किंवा त्याच्या नंतरचा असेल तर आणखी चांगले; डिसेंबर २०२२च्या त्या आवृत्तीपासून कोणते पान टाकायचे हे अधिक नेमके ठरवणारी नवी पद्धत वापरता येते.

पैसे खर्च करायचे असतील तर मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये जाऊन नवा प्रोसेसर विचारू नका. आधी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, मग रॅम ८ जीबी करा. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढले, त्यामुळे हा क्रम आता अधिकच योग्य ठरतो. एसएसडीमुळे थ्रॅशिंग थांबत नाही, पण अडकलेल्या कॉम्प्युटरमध्ये जड प्रोग्रॅम शोधून बंद करण्याइतकी हालचाल शिल्लक राहते.

आणि हँग झालाच तर? पहिली गोष्ट, बटणे बडवू नका. प्रत्येक क्लिक म्हणजे आणखी काही पाने मागवणे असते. एक-दोन मिनिटे थांबा. विंडोजवर टास्क मॅनेजरची बटणे एकदाच दाबून वाट पाहा. लिनक्सवर ऑल्ट आणि सिसआरक्यू (बहुधा प्रिंट स्क्रीनचेच बटण) धरून एफ दाबले की कर्नलला ऊम किलर लगेच चालवायला सांगता येते. हा हुकूम थेट कर्नलकडे जातो, म्हणून डेस्कटॉप गोठलेला असतानाही चालतो. उबुंटूत ही सोय मुळात बंद असते. ती आजच चालू करून ठेवावी. वीज तोडणे हा शेवटचा उपाय.

विंडोज १०ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. विंडोज ११ न चालणारे असंख्य कॉम्प्युटर त्यामुळे अडगळीत निघाले आहेत. तुमच्याकडे तसा एखादा ४ जीबीचा असेल, तर तो भंगारवाल्याला देण्याआधी त्यात एसएसडी, हलके लिनक्स, झेडरॅम आणि अर्लीऊम एवढे घालून पाहा. टाइपिंगला, अभ्यासाला, चार टॅब उघडून वाचायला तो पुरतो. ज्या घरात एकही कॉम्प्युटर नाही अशा घरातल्या मुलाला तो द्या, आणि देताना सर्वांत जड प्रोग्रॅम कसा शोधायचा आणि कसा बंद करायचा, हे त्याच्या शेजारी बसून दाखवा.